छत ठोकणाऱ्याची छाती

ज्याला बरं वाटत नाही तो औषध घेतोच. हे मी लिहितो आहे ते ज्याला बरं वाटायला लागलंय त्याच्यासाठी.

मागच्या महिन्यात आमच्या भोकरदनच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तिला दोन महिने झाले होते. ताप गेला होता, खोकला गेला होता, अंगावर जरा मांस आलं होतं. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "काका, आता समदं बराबर वाटून राह्यलं. बंद करू का गोळ्या?" त्या म्हाताऱ्याला हा आजार दोनदा झालाय, त्याला विचार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोनदा झाला हे खरं. पण पहिल्यांदा तो आपणहून आला आणि दुसऱ्यांदा मी त्याला बोलावणं धाडून आणला. तिला बसवलं, चहा पाजला आणि सगळं सांगितलं. जाताना ती म्हणाली, "लिहून ठिवा ना काका." म्हणून ही वही.

मी डॉक्टर नाही. शाळेत शिपाई होतो, घंटा वाजवून वाजवून निवृत्त झालो. औषधांची नावं मला आजही नीट उच्चारता येत नाहीत. पण शाळेच्या आधी चार वर्षं मी कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम केलं, आणि माझ्या हातून जी चूक झाली ती खाणीत काम केलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. तेव्हा आधी खाण सांगतो.

जमिनीखाली

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या हसनाबादजवळच्या वस्तीवर खडी फोडण्याशिवाय काम नव्हतं. माझं नुकतंच लग्न झालेलं. नात्यातला एकजण तिकडे चांद्याच्या बाजूला खाणीवर होता, त्याच्या मागे मी गेलो. बायको शेवंता इकडे मायजवळ राहिली. माय म्हणजे माझी आई. बाप मी लहान असतानाच गेला होता.

खाण जुनी होती, इंग्रजांच्या वेळची. उतरत्या वाटेनं चालत खाली जायचं. टोपीवर दिवा, कमरेला त्याची बॅटरी. पाच मिनिटं चाललं की उजेड मागे एका ठिपक्याएवढा व्हायचा आणि वळण घेतलं की तोही जायचा. खाली बारा महिने एकच हवा, ओली आणि कोंदट. दोन्ही बाजूंना जुन्या गल्ल्या होत्या. कोळसा काढून झालेल्या आणि सोडून दिलेल्या. त्यांच्याकडे कुणी बघत नसे. माझं काम म्हणजे फोडलेला कोळसा टोपलीत भरायचा आणि टोपली लोखंडी डब्यात रिकामी करायची. अंगाला काळं लागलं नाही अशी जागा शोधायची तर दातच.

आमच्या टोळीवर राजय्या नावाचा सरदार होता. तेलंगणातला, वयस्कर, मिशा पिकलेल्या. तीस वर्षं खाली घालवलेला माणूस. पाळी सुरू झाली की आधी तो एकटा पुढे जायचा. त्याच्या हातात लांब काठी, टोकाला लोखंड. डावा तळवा तो छताच्या दगडाला टेकवायचा आणि उजव्या हातानं काठी ठोकायचा. डोळे मिटून ऐकायचा. आम्ही मागे गप्प उभे.

"छत को पहले पूछना," तो सांगायचा. "भरेला आवाज आया, बैठ के रोटी खा. पोला आवाज आया, भाग."

दगड भरीव असला की आवाज आखूड आणि कडक येतो. वर कुठे दगड सुटलेला असला, मध्ये फट पडली असली, तर ढब-ढब येतो, पोकळ. डफासारखा नाही म्हणता येणार, पण रिकाम्या डब्यासारखा नक्की. पोकळ म्हणजे मरण. ही एवढीच अक्षरओळख मला खाणीनं शिकवली, पण ती पक्की शिकवली.

माझा कान चांगला निघाला. वर्षभरात राजय्यानं काठी माझ्या हातात दिली. एकदा जेवायची वेळ झाली होती. खाली धूळ फार म्हणून आम्हाला गूळ मिळायचा. गुळानं घशातला कोळसा खाली जातो असं सगळे मानायचे. आम्ही आठजण एका कोपऱ्यात डबे उघडून बसलो होतो. मला उगाचच वाटलं म्हणून बसल्या बसल्या हात वर करून ठोकलं. ढब. मी ओरडलो, "उठा!" कुणी काही विचारलं नाही, हातातला घास टाकून सगळे उठले. वीस पावलं गेलो असू, मागे छत बसलं. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून डबे निघाले ते चपाती लाटल्यासारखे.

राजय्यानं त्या दिवशी माझा कान धरला आणि सगळ्यांना दाखवला. मी हसलो, पण आतून फुगलो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की एक गोष्ट मला इतरांपेक्षा बरी येते. तेव्हापासून माझ्या कानावर माझा जेवढा विश्वास बसला तेवढा बायकोवरही नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, ती वाचणार आहे.

तो चपटा डबा मी गावी आणला. शेवंतानं त्याचं रांजणावर झाकण केलं.

तांबडा धागा

शहात्तर साली मुलगी झाली. तिला बघायला महिनाभराची रजा काढून आलो. तेव्हा ती दोन महिन्यांची होती. तिचं नाव सुजाता ठेवलं होतं, पण घरात सगळे तिला चिमी म्हणायचे.

येतानाच मला बरं नव्हतं. संध्याकाळ झाली की अंग कणकण करायचं. खोकला तर वर्षभर होता, पण खाणीत ज्याला खोकला नाही तो नवीन आलेला समजायचा. आमची थुंकी काळी यायची आणि काळी आली की आम्ही खूश, छाती धुतली जाते म्हणून. गावी आल्यावर ती काळ्याची पांढरी झाली. मी मनात म्हटलं, चला, गावची हवा लागली. मग एका सकाळी पांढऱ्यात तांबडा धागा दिसला.

मी पायानं माती लोटली. पण मायनं बघितलं होतं. दुपारी भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या भोकरदनला चाल."

भोकरदनच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि जालन्याला फोटो काढायला पाठवलं. आम्ही चौघं निघालो. मी, माय, शेवंता आणि तिच्या कडेवर चिमी. अंगावर पिणारं लेकरू कुठे ठेवणार?

ती सकाळ

जालन्याच्या दवाखान्यातले डॉक्टर सडपातळ होते, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू. त्यांनी फोटो उजेडाला धरून पाहिला. मग मला सदरा काढायला लावला. डाव्या हाताचं बोट माझ्या छातीवर आडवं टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकलं.

मी दचकलो. हुबेहूब राजय्या. तसाच एक हात टेकवलेला, तसेच अर्धे मिटलेले डोळे.

पुढे ते काय करत होते याकडे माझं लक्ष राहिलं नाही. मी छातीचा आवाज ऐकू लागलो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ढब. ढब. ढब. सगळीकडून पोकळ. 

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "उजव्या बाजूला, थोडा वरच्या अंगाला. लवकर आलात. दीड वर्ष औषध घ्यावं लागेल, पण बरा होतो. घाबरू नका."

ते चांगलं सांगत होते. आज ते शब्द आठवून लिहितानाही कळतं की यापेक्षा चांगली बातमी त्या आजारात नसते. पण मी मनात म्हणत होतो, हे फक्त उजवीकडचं सांगून राहिले, मला तर दोन्हीकडून पोकळ ऐकू आलं. मोठा माणूस, तोंडावर कसं सांगेल की तू कधीही बसशील?

तेव्हाच विचारलं असतं तर ही वही लिहावी लागली नसती. "साहेब, पोकळ वाजतंय, ते काय?" एवढंच. पण खुर्चीतल्या माणसाला प्रश्न विचारायचा नसतो ही सवय आमच्या अंगात खोल मुरलेली. बाबासाहेबांनी शिकवलेलं आम्ही विहारात दर आठवड्याला म्हणत होतो आणि दवाखान्यात गेलो की विसरत होतो.

बाहेर लिंबाखाली दोघी बसल्या होत्या. मी सांगितलं, "टीबी हाय म्हणतेत." मायनं शेवंताच्या मांडीवरून चिमीला उचललं आणि आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवलं. फक्त दोन हात लांब. मायनं मुद्दाम केलं नाही, तिचा हात आपोआप गेला. आजारपणातल्या सुया, औषधं, ताप, सगळं मी विसरलो. ते दोन हात विसरलो नाही.

नानांचा तांब्या

पहिले सहा आठवडे मला तिथेच ठेवलं. पहाटे सिस्टर थर्मामीटर घेऊन यायच्या. मग इंजेक्शन, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. मग गोळ्या, त्यानं तोंड दिवसभर कडू. दूध, अंडं, दुपारची झोप. थुंकायला झाकणाचा डबा. रविवारी माय येऊन भाकरी-पिठलं द्यायची, तेव्हा खरं जेवण.

शेजारच्या खाटेवर राजूरकडचे एक शेतकरी होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. पंचावन्न वर्षांचे, गावात मान असलेलं घराणं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनावावरून जे कळायचं ते त्यांना कळलं. दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून झोपले. तिसऱ्या दिवशी मला खोकल्याची उबळ आली आणि माझा तांब्या रिकामा होता. नानांनी आपला तांब्या पुढे केला.

मी हात आखडता घेतला. ते म्हणाले, "पी बाबा. घरी माही सून माझं ताट चिमट्यानं धरू राह्यली. आता मी कुणाला लांब बसवू?"

मी पाणी प्यालो. पुढचे सगळे दिवस आम्ही त्याच तांब्यानं प्यालो. बाहेर पडल्यावर नाना कसे वागले असते मला माहीत नाही, आणि ते ताडून बघायचीही मला गरज वाटली नाही. तेवढं मिळालं ते पुरे झालं.

आणि रोज दुपारी, सगळे झोपले की, मी चादरीखाली स्वतःची छाती ठोकायचो. डावा तळवा टेकवून, उजव्या बोटानं. ढब, ढब. रोज पोकळ. ताप उतरत होता, भूक लागत होती, सिस्टर म्हणायच्या की गालावर रंग आला. मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, रंग येऊ दे, छत सुटलेलं आहे.

उंबरा

घरी आलो तेव्हा मायनं अंगणातल्या छपरीत खाट टाकून ठेवली होती. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळं घोंगडं. तिनं खाट सारवलेल्या जमिनीवर टाकली होती, उशाशी कंदील ठेवला होता. सगळं मायेनं केलेलं. म्हणून तर रागही करता येईना.

चिमी घरात, मी छपरीत. जेवायच्या वेळी शेवंता तिला उंबऱ्याशी घेऊन उभी राहायची. उंबऱ्याच्या पलीकडे त्या दोघी, अलीकडे मी. पोर माझ्याकडे बघून हात हलवायची. पाहुण्याकडे बघून हलवतात तसे.

सासूबाईंनी निरोप धाडला, लेकीला आणि नातीला माहेरी पाठवा. शेवंतानं निरोप्याला उभ्या उभ्या सांगितलं, "मी गेले तर ह्यांना गोळ्या कोण देईल? मायला अक्षर वाचता येत न्हाई." तिलाही फार येत नव्हतं. पण कुठली गोळी सकाळची आणि कुठली संध्याकाळची ते तिनं रंगावरून पाठ केलं होतं.

इंजेक्शनला रोज हसनाबादला चालत जायचं होतं. पहिला महिना एकही चुकलं नाही. नंतर ताकद आली, तसं चुकू लागलं. एक दिवस पाऊस, एक दिवस बाजार, एक दिवस उगाच. बरं वाटणं ही फार गोड गोष्ट असते. आणि त्यात खाणीतून चिठ्ठी आली. वाढवलेली रजा संपत आली आहे, हजर व्हा, नाहीतर नाव कमी होईल.

चिठ्ठी आल्यानंतर आठवड्याभरात, एका दुपारी, मी नेहमीसारखी छाती ठोकली. डावीकडे ढब. उजवीकडे वर ढब. उजवीकडे खाली ठस.

पुन्हा ठोकलं. ठस. आखूड, कडक, भरीव. बैठ के रोटी खा.

मी खाटेवर उठून बसलो. चार दिवस रोज बघितलं. भरीव जागा बोट-बोट वर सरकत होती. मला वाटलं, औषधानं काम केलं, पोकळी भरत आली. आता राहिलीच किती? मी आनंदानं रडलो, खरंच सांगतो. उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळल्या आणि छपरीच्या गवतात खोचून ठेवल्या.

घरात गेलो. उंबरा ओलांडून. शेवंता पीठ मळत होती.

"मी बरा झालो," म्हटलं.

"डाक्टरनं सांगितलं का?"

"मला कळतंय. माझा कान हाय."

ती मळता मळता थांबली. "कान हाय म्हंजे?"

"तुला न्हाई समजायचं ते."

मी झोळीतून चिमीला उचललं. पाच-सहा महिन्यांची होती तेव्हा. इतके दिवस लांबून बघितलेली पोर हातात घेतल्यावर किती जड असते ते कळलं. तिला छातीवर घेऊन मी खाटेवर आडवा झालो. तिनं डोकं उजव्या बाजूला टेकवलं, नेमकं त्या भरीव जागेवर, आणि झोपली. तीन आठवडे ती रोज दुपारी तिथे झोपली. माझ्या आयुष्यात त्यापेक्षा सुखाचे तीन आठवडे आले नाहीत, आणि त्यांच्याइतकी लाजही मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

राजूरचा स्टँड

पत्र्याची पेटी घेऊन मी खाणीवर परत निघालो. राजूरवरून जालन्याची एस.टी., आणि पुढे रेल्वे. शेवंता चिमीला घेऊन राजूरपर्यंत पोचवायला आली. धाप तर मला आठ दिवसांपासून लागत होती. अंगावर चार महिने काम नाही, म्हणून लागते, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

राजूरच्या स्टँडवर गाडी लागली. चतुर्थी होती, गणपतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांची गर्दी. मी पेटी उचलली, गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला, आणि दुसरा पाय वर येईना. हवा आत जाईना. मी पायरीवरच बसलो. लोक मागून म्हणत होते, "चला ओ, जल्दी चढा." शेवंतानं पेटी खाली ठेवली, मला काखेत हात घालून वर ओढलं आणि स्वतःही लेकरासकट गाडीत चढली. तिकीट जालन्याचंच काढलं होतं. उतरलो ते दवाखान्यात.

तेच डॉक्टर. तीच जाड भिंगं. बोट आडवं टेकवून त्यांनी ठोकलं. डावीकडे ढब. उजवीकडे ठस, ठस, ठस, वरपर्यंत. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

मला बोलायला दम पुरत नव्हता, तरी विचारलं, "भरीव हाय ना साहेब? मंग धाप कामून लागून राह्यली?"

ते थांबले. "भरीव?"

मग मी सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, श्वास घेत घेत. खाण, राजय्या, काठी, पोला आणि भरेला, चादरीखालची ठोकाठोक, गवतात खोचलेल्या गोळ्या. शेवंता शेजारी उभी होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

डॉक्टर मला रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तुमचा कान चांगला आहे. जे ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. अर्थ उलटा लावलात. दगड भरीव असला की चांगला. छाती हवेचं घर आहे, तिथं हवा असली की पोकळच वाजणार. तुमची छाती आधी बरी होत होती. आता भरीव वाजते आहे कारण आत पाणी भरलंय."

शेवंता एकदम बोलली. "रांजणासारखं. भरलेला रांजण बद्द वाजतो, रिकामा वाजला की पाण्याला जायचं. मी झाकण बी काढत न्हाई, ठोकूनच पाहते." मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. "मला इच्यारलं असतं तर मी नसतं का सांगितलं?"

 

मला स्टुलावर बसवून उशीवर पुढे वाकायला लावलं. पाठीतून सुई घातली. दुखलं, पण सोसवेल इतकं. काचेची बाटली भरत गेली, पिवळट पाण्यानं. दुसरी बाटली अर्धी झाल्यावर माझ्या आत हवा शिरली. डॉक्टरांनी पाठीवर ठोकलं आणि म्हणाले, "ऐका." ढब. जो आवाज ऐकून मी महिनोन्‌महिने मरणाची वाट बघितली होती तो माझा जिवंतपणाचा आवाज होता.

मी हसणार होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हे मूल तुमच्याजवळ असायचं का?"

तीन दिवस

चिमीच्या हाताला त्यांनी एक बारीक सुई टोचली. तिथे तीन दिवसांत गाठ उठते का ते बघायचं होतं; उठली म्हणजे टीबी तिच्याही अंगात शिरला. फोटोही काढला. शेवंता आणि चिमी दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिल्या, माय दुसऱ्या दिवशी आली.

त्या तीन दिवसांत मला आजाराची भीती वाटली नाही. खाणीची, नोकरीची, कशाचीच नाही. छत बसताना मी सात माणसं बाहेर काढली होती त्याच कानानं, आणि त्याच कानाच्या गुर्मीत एका लेकराला मी सुटलेल्या दगडाखाली झोपवलं होतं. रोज दुपारी. हे सारखं मनात यायचं आणि गेलं की पुन्हा यायचं. कुणी मला दोष दिला नाही. मायसुद्धा फक्त पाय दाबत बसायची. दोष दिला असता तर हलकं वाटलं असतं.

हजर होण्याचा दिवस त्यातच गेला. मला तो गेल्याचं दोन दिवसांनी आठवलं. माझं नाव खाणीतून कमी झालं आणि मी परत कधी खाली उतरलो नाही. औषध मात्र दुसऱ्या वेळी पुरतं दीड वर्ष घेतलं. एक गोळी चुकली नाही. शेवंता समोर बसायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं बोलावलं. डॉक्टरांच्या टेबलाशी शेवंता चिमीला धरून बसली होती. अंगातलं झबलं काढलेलं. हातावर जिथे टोचलं होतं तिथे काहीच नव्हतं, कातडी साफ. डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही. फोटोही स्वच्छ आहे. तरी काही महिने आपण तिला थोडं औषध देऊ आणि पुन्हा बघू." मग ते खुर्चीवरून उठले. "तोंडाला रुमाल बांधा आणि इकडे या. तुम्ही बघा."

"मी काय बघू साहेब?"

"छत."

मी रुमाल बांधला. चिमीची पाठ माझ्या तळव्यापेक्षा जरा मोठी. मी बोट तिच्यावर आडवं टेकवायला गेलो आणि मागे घेतलं. शेवंतानं माझं मनगट धरलं आणि बोट पाठीवर टेकवलं. मी हळूच ठोकलं. चिमीला वाटलं खेळ आहे, ती खुदकन हसली. मी वर ठोकलं, खाली ठोकलं, डावीकडे, उजवीकडे.

ढब. ढब. ढब. सगळीकडून पोकळ.

खाणीत हा आवाज आला असता तर हातातलं टाकून मी सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं असतं. तिथे मी जागचा हललो नाही. डोळे मिटले आणि पुन्हा एकदा ठोकलं.